८५ हजारांचा डबा आणि फ्रीजच्या झिणझिण्या



आज स्वयंपाकघरातून जरा हॉलमध्ये जाऊ या. विषय पुरुषमंडळींचा वाटेल, पण वाचा. हा डबा आज ना उद्या तुमच्याही दारात येणार आहे, आणि आला की "तुला त्यातलं कळत नाही" हे वाक्यही त्याच्या सोबत येणार आहे.

डब्याचं नाव पॉवर कंडिशनर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला केसांना लावायचं काहीतरी वाटलं. तर हा लोखंडी, चांगला वजनदार डबा भिंतीतला प्लग आणि गाण्याचा अँप्लिफायर यांच्या मध्ये बसतो. विकणाऱ्यांचं म्हणणं असं, की भिंतीतून येणारी वीज 'घाण' असते, डबा ती गाळून स्वच्छ करतो आणि मग गाणं असं मोकळं होतं की जणू गायक समोर येऊन बसला. आमच्या पुण्याच्या भाऊजींकडे तो आहे. त्यांच्याकडे दिवाळीला जाऊन आल्यापासून आमच्या ह्यांच्या डोक्यात तोच. किंमत ८५ हजार. दुकानदाराने पंधरा दिवस वापरून बघायला दिला, पटला तर ठेवा, नाहीतर परत.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. धड चालणाऱ्या अँप्लिफायरचा आवाज या डब्याने सुधारत नाही. आणि जिथे खरोखर घरघर, गुणगुण ऐकू येते तिथे बहुतेक वेळा दुखणं दुसरंच असतं. डबा त्या दुखण्यावर पांघरूण घालतो. आमच्या घरात ते पांघरूण फार महागात पडलं असतं, पैशाने नाही, दुसऱ्याच बाजूने. ते पुढे येईलच.

आधी वीज अँप्लिफायरमध्ये शिरल्यावर तिचं काय होतं ते बघा. हे मला आमच्या वायरमनने सांगितलं आणि लेकीने तिच्या बारावीच्या पुस्तकातून दाखवलं, त्यात अवघड काही नाही. आपल्या गच्चीवरची टाकी आठवा. नळाचं पाणी कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं, मध्येच थांबतं. पण स्वयंपाकघरातली तोटी मात्र एकसारखी वाहते, कारण तिला पाणी नळाचं नाही, टाकीचं मिळतं. अँप्लिफायरचं अगदी तसंच. भिंतीतून २३० व्होल्ट येतात, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारे. आतला ट्रान्सफॉर्मर ते कमी करतो, डायोड त्यांना एका दिशेला वळवतात, त्यातून सेकंदाला १०० ठोके निघतात आणि ते जाऊन भरतात एका टाकीत. तिचं नाव कपॅसिटर. नाजूक भागांसाठी पुढे अजून एक रेग्युलेटर असतो, तो व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवतो. गाण्याला जी वीज लागते ती या टाकीतून जाते. भिंतीतली वीज गाण्यापर्यंत तशीच्या तशी पोचतच नाही.

आणि गाणं मुळात विजेतून येत नाही हो! गाणं येतं सीडीतून, मोबाईलमधून, एका बारीकशा सिग्नलच्या रूपाने. अँप्लिफायर त्या सिग्नलच्या बरहुकूम टाकीची तोटी कमी-जास्त सोडतो. 'स्वच्छ वीज दिली की तानपुरा स्वच्छ' हे म्हणणं, नळाला बिसलेरी जोडली की कपडे जास्त पांढरे निघतात, तशातलंच.

मोबाईलचा चार्जर हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपयांच्या चार्जरलाही शंभर व्होल्ट द्या नाहीतर दोनशे चाळीस, तो पुढे आपला ठरलेला आकडाच देतो. मग लाखाच्या घरातल्या अँप्लिफायरला ते जमत नसेल, तर दोष विजेचा नव्हे, अँप्लिफायरचा.

आता समोरच्याची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर तो वाद नव्हे, भांडण होतं. विजेच्या तारेवर कचरा असतो, हे खरं आहे. मिक्सर, घरघंटी, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातले एलईडी बल्ब, इन्व्हर्टर हे सगळे तारेवर बारीक बारीक खरखर टाकतात. फ्रीज चालू होताना स्पीकरमधून 'टक्' असं ऐकू येतं तेही खरं. पण बऱ्यापैकी अँप्लिफायरच्या तोंडाशीच त्यासाठी एक गाळणी बसवलेली असते आणि उरलंसुरलं टाकी गिळते. आमच्या लेकाने भाऊजींना चिडवलं, "काका, कोयनेपासून आपल्या बोर्डापर्यंत वीज ॲल्युमिनियमच्या तारेवरून येते, शेवटच्या एका मीटरमध्ये तुम्ही तिला काय आंघोळ घालणार?" भाऊजी म्हणाले, "अरे, गाळणी तोटीलाच लावायची असते, धरणाला नाही." आणि यात भाऊजी बरोबर आहेत. महागड्या पॉवर केबलला लेकाचं म्हणणं लागू पडतं, गाळणीला नाही. प्रश्न एवढाच, की टाकी नि गाळणी आतच असताना बाहेर अजून एक लावून तोटीच्या पाण्याला काय फरक पडतो?

व्होल्टेजचं म्हणाल तर तो वेगळा रोग आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे ट्यूबलाईट लपलपते. त्यावर औषध स्टॅबिलायझर, आणि बरेचसे कंडिशनर व्होल्टेज एका व्होल्टनेही वाढवत नाहीत, ते फक्त गाळतात. विकताना मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. वळवाच्या पावसातली वीज म्हणाल, तर साधा सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड बऱ्यापैकी काम करतो, आणि ढग गडगडायला लागले की प्लग उपसून ठेवणं सगळ्यात चांगलं. त्याला शून्य रुपये लागतात.

असो. डबा घरी आला. दिवस असताना जेवणं उरकून आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. ह्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बघ, तानपुरा कसा सुटा झाला." मला तर काही सुटं झालेलं दिसेना. भाऊजी फोनवर होते, ते म्हणाले, "वहिनी, कान तयार व्हायला वेळ लागतो."

इथे मला मिरज आठवते. आमच्या शेजारचंच गाव. सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी लावताना तुमच्यापैकी कोणी पाहिलं असेल. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर इकडचा तिकडे झाला की अख्ख्या तानपुऱ्याचा आवाज बदलतो, बद्द असलेला एकदम खुलतो. डोळे मिटा, पाठ फिरवा, संगीतातलं ओ की ठो कळत नसलं तरी कळतं. मी स्वतः ऐकलंय. जिथे फरक खरा असतो तिथे कान तयार होण्याची वाट बघावी लागत नाही.

म्हणून मी म्हटलं, आपणही पाठ फिरवून बघू. हे तयार झाले, कारण त्यांना खात्रीच होती. अँप्लिफायरच्या मागे जुनी चादर लावली. लेक चादरीमागे. नाणं उडवून छापा आला तर डबा, काटा आला तर थेट भिंत. दर वेळी अँप्लिफायर बंद करून, वायर काढून, घालून, परत चालू. न बदलतानाही काढ-घाल करायचीच, नाहीतर आवाजावरून कळतं. व्हॉल्यूमच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, कारण आवाज किंचित मोठा झाला तरी कानाला तो 'चांगला' वाटतो. मी वहीत लिहायला. लेकीला चादरीपलीकडे पाठवलं नाही, तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. असं बारा वेळा.

बारापैकी सात बरोबर आले.

हे खूश! "अर्ध्यापेक्षा जास्त!" लेक काही बोलली नाही, पर्समधून एक रुपया काढला नि बारा बारा वेळा उडवायला बसली. तिसऱ्या फेरीत तिचे सात छापे पडले. मग तिने कागदावर गणित मांडून दाखवलं, की नुसत्या अंदाजाने बारापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात ३८-३९ असते. बारापैकी अकरा आले असते तर मी स्वतः माझ्या भिशीतले पैसे घातले असते. तसं मी बोलले होते आणि बोललेलं मी पाळते.

भाऊजींना कळवलं तर ते म्हणाले, "वहिनी, आपण अनेकांत मानणारे. तुमचं तुम्हाला खरं, माझं मला खरं." मैत्रिणींनो, हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालंय. हत्तीच्या गोष्टीत एकाला पाय लागला, एकाला सोंड, एकाला शेपूट, आणि सगळ्यांचं थोडं थोडं खरं होतं. कबूल. पण तिथे हत्ती होता! आधी हत्ती असावा लागतो. चादर लावली की हत्ती नाहीसा होत असेल, तर त्याला अनेकांत म्हणू नका.

मी ह्यांना खोटारडे म्हणत नाही, हेही लिहून ठेवते. त्यांना खरंच वेगळं ऐकू आलं. ८५ हजारांची वस्तू समोर असली की आपणही जास्त लक्ष देऊन ऐकतो आणि लक्ष दिलं की तानपुरा सुटा होतोच. सोन्याचा मुलामा दिलेल्या वाटीतली खीर जास्त गोड लागते, हे आपल्याला काय कुणी नव्याने सांगायला हवं?

पण ह्यांची एक तक्रार मात्र खरी होती. स्पीकरमधून बारीक 'घुंऽऽ' येत होतं, गाणं नसतानाही. ते मलाही ऐकू येत होतं, धाकट्याला येत होतं, पाठ फिरवूनही येत होतं. मुळात त्या घुंसाठीच डबा आणला होता. डबा लावल्यावर ते तसूभर कमी झालं नाही. उलट एक नवीनच गोष्ट घडली. अँप्लिफायरवरची धूळ पुसायला मी ओलं फडकं फिरवलं आणि बोटांना झिणझिण्या आल्या.

दुकानात फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, थ्री पिनची वरची जाडी पिन काढून बघा, घुं जाईल." हे वाक्य जिथे कुठे ऐकाल तिथे फोन ठेवून द्या. ती जाडी पिन अर्थिंगची. यंत्राच्या आत कुठे वीज लोखंडी अंगाला चिकटली तर ती आपल्या अंगातून न जाता जमिनीत जावी, यासाठी ती असते. आवाजासाठी ती काढायला सांगणारा माणूस तुमच्या जिवावर गाणं ऐकायला सांगतोय.

सासूबाई खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "असंच येतंय गं मला फ्रीजला. दोन वर्षं सांगतेय."

आणि खरंच त्या दोन वर्षं सांगत होत्या. भाज्या धुतलेल्या ओल्या हाताने, अनवाणी, दुधाचं पातेलं काढायला फ्रीज उघडला की "मुंग्या येतात" म्हणायच्या. आम्ही काय म्हटलं होतं? हे म्हणाले, "आई, तुला साखर आहे, त्याच्या मुंग्या." मीसुद्धा, लाज वाटते लिहायला, मीसुद्धा म्हटलं होतं, "आई, चप्पल घालत जा घरात." डॉक्टरांकडून गोळ्याही आणल्या होत्या. एका माणसाला कानात फरक ऐकू आला तर घरात ८५ हजारांचा डबा येतो, आणि एका म्हातारीच्या बोटांना खरोखरची वीज लागते तर तिला गोळी मिळते.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. त्याने मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत, आले ११२. त्याने हॉलचा बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नव्हती. स्वयंपाकघराच्या बोर्डात तार होती, पण ती वरच्या मजल्याच्या बांधकामात कुठेतरी तुटलेली. म्हणजे घरभर थ्री पिन, आणि तिसरी पिन शोभेची.

मग त्याने सगळा उलगडा केला. फ्रीजसारख्या यंत्रांतून किंचित वीज अंगावर झिरपतच असते. अर्थिंग असेल तर ती निमूट जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर साचून राहते. आणि कंडिशनरमध्ये जी गाळणी असते, तिचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थला जोडलेले असतात. गाळलेला कचरा अर्थमध्ये टाकायचा हेच त्यांचं काम. अर्थच नाही म्हटल्यावर ती सगळी जोडणी अधांतरी लोंबते आणि पत्रा निम्म्या व्होल्टेजवर जाऊन बसतो. म्हणून ११२. करंट अगदी थोडा, पण ओल्या हाताला कळण्याइतका. म्हणजे ज्या डब्याने वीज शुद्ध व्हायची, त्याने अँप्लिफायरला सासूबाईंचा फ्रीज करून टाकलं! डब्यातली लाट अडवण्याची सोयही त्यातल्या बऱ्याच भागापुरती अर्थवरच चालते, तीही फुकट.

आणि ती घुं? टीव्ही अँप्लिफायरला जोडलेला, टीव्हीला सेटटॉप बॉक्स, त्याला केबलवाल्याची वायर. ती वायर पुढे कुठेतरी जमिनीला टेकलेली. आमच्या हॉलमधल्या विजेला जमिनीत जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून ती गाण्याच्या वायरीतून केबलकडे चालली होती. वायरमनने केबलची वायर उपसली आणि घुं बंद. एका क्षणात. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नवीन खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून पाईप पुरला, दोन्ही बोर्डांपर्यंत हिरवी तार ओढली, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. ही आरसीसीबी म्हणजे वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसातून वगैरे, जायला लागली की क्षणात लाईट तोडणारं बटण. सगळं मिळून ११ हजार ८०० रुपये. टीव्ही नि अँप्लिफायरमध्ये तांब्याच्या वायरीऐवजी ऑप्टिकल वायर टाकली. तिच्यातून फक्त उजेड जातो, वीज जातच नाही, त्यामुळे केबलची वायर परत लावली तरी घुं आली नाही. ती काही शे रुपयांची. तुमच्या अँप्लिफायरला ऑप्टिकलचं भोक आहे का ते आधी बघा, जुन्यांना नसतं.

आता राहिला 'आवाज सुधारणे'. डबा परत गेल्यावर ह्यांचा चेहरा उतरला होता, म्हणून एका रविवारी मीच पदर खोचला. आमचा एक स्पीकर शोकेसमध्ये, काचेच्या मागे, ट्रॉफ्यांच्या शेजारी. दुसरा सोफ्याच्या हाताआड, कोपऱ्यात कोंबलेला, कारण तिथे तो 'दिसायला बरा' दिसतो, असं मीच चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं. दोन्ही बाहेर काढले, भिंतीपासून हात-दीड हात पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे स्टुलांवर ठेवले. हॉलमध्ये टाळी वाजवली तर खण्णकन परत येत होती. गुळगुळीत फरशी, काचा, उघड्या भिंती. खाली मोठी सतरंजी घातली, खिडकीला जाड पडदा लावला. परत टाळी वाजवली तर नुसती टाळी.

मग गाणं लावलं. चादर नाही, नाणं नाही, वही नाही. धाकटा आतून अभ्यास सोडून बाहेर आला नि म्हणाला, "नवीन स्पीकर घेतले?"

सोफा मात्र आता दाराच्या वाटेत येतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण स्टुलाला अडखळतो. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही, कुणाला सुचला तर कळवा. ह्यांनी भाऊजींना त्यांच्या घरचं फेज-अर्थचं व्होल्टेज विचारलंय, त्यांनी अजून मोजलेलं नाही. आणि सासूबाईंनी आमच्या नणंदेला फोन करून सांगितलंय, की तुझ्याही फ्रीजला हात लावून बघायचं नाही, मीटर लावूनच बघायचं. वायरमन रविवारी सकाळी दहाला तिच्याकडे जाणार आहे.